व्हिडिओ चार मिनिटांनी थांबतो? केबल बदलू नका, ग्रुपची यादी तपासा

नेटवर्किंग आणि सीसीटीव्हीच्या कामात स्वतःचा धंदा उभा करू पाहणाऱ्यांसाठी आपली ही मालिका आहे. आजचा विषय नावाने जड आहे, पण पैशाच्या दृष्टीने सरळ आहे: राउटर आणि स्विचवर मल्टिकास्ट ग्रुपच्या सदस्यत्वाचं सेटिंग. व्हिडिओत स्क्रीनवर दाखवलेल्या गोष्टी इथे सविस्तर लिहिल्या आहेत. साइटवर मोबाईल उघडून वाचता येईल अशाच ठेवल्या आहेत.

आधी हे कशाला शिकायचं ते बघू. पुनावळे, ताथवडे, रावेत, मारुंजी या पट्ट्यात हायवेच्या दोन्ही बाजूंना टोलेजंग सोसायट्या उभ्या राहिल्या आहेत. प्रत्येक सोसायटीत गेटवर कॅमेरे, केबिनमध्ये स्क्रीन, लॉबीत सूचनेचा टीव्ही, क्लबहाउसमध्ये प्रोजेक्टर. वायर ओढणारे आणि कॅमेरे टांगणारे खूप आहेत, त्यामुळे तिथे भाव पाडूनच काम मिळतं. पण "चित्र येतं आणि थोड्या वेळाने जातं" ही तक्रार मुळापासून सोडवणारा माणूस सोसायटीला पटकन सापडत नाही. तो तुम्ही असाल तर पुढची एएमसी तुमचीच.

एक पाकीट, अनेक घरं

नेटवर्कवर माहिती पोचवायच्या तीन पद्धती आहेत. सोसायटीच्याच भाषेत समजून घेऊ.

पहिली, युनिकास्ट. वॉचमन इंटरकॉमवरून एकेका फ्लॅटला फोन करून "पाण्याचा टँकर आलाय" असं सांगतो. शंभर फ्लॅट, शंभर फोन.

दुसरी, ब्रॉडकास्ट. गेटवरून लाउडस्पीकर लावला. एकदाच सांगितलं, पण ज्याला नको त्याचीही झोप मोडली.

तिसरी, मल्टिकास्ट. पेपरवाल्याकडे यादी असते: कुठल्या विंगमध्ये कुठला पेपर कोण घेतो. गठ्ठा एकदाच येतो, विंगपाशी फुटतो आणि ज्याने लावलाय त्याच्याच दारात पडतो.

आता आकडे घालू. समजा पाच विंगची एक सोसायटी आहे. २४ कॅमेरे, प्रत्येकाचा प्रवाह ४ एमबीपीएस. हे २४ कॅमेरे चार ठिकाणी थेट बघायचे आहेत: पुढचं गेट, मागचं गेट, सोसायटी ऑफिस आणि सिक्युरिटी सुपरवायझरची केबिन.

युनिकास्टने प्रत्येक कॅमेऱ्याला तोच व्हिडिओ चार वेळा पाठवावा लागतो, म्हणजे १६ एमबीपीएस. २४ कॅमेऱ्यांचे मिळून ३८४ एमबीपीएस. शिवाय एका कॅमेऱ्याने एका वेळी किती जणांना प्रवाह द्यायचा याला मर्यादा असते. पाचवी स्क्रीन लावली की कुठेतरी चित्र अडखळतं. संध्याकाळी पुनावळ्याच्या अंडरपासला होतं तसंच: रस्ता तेवढाच, गाड्या चौपट.

मल्टिकास्टने प्रत्येक कॅमेरा एकदाच पाठवतो. एकूण ९६ एमबीपीएस. बघणारे चार असोत की चौदा, कॅमेऱ्यावरचा भार तोच राहतो.

एक गोष्ट स्पष्ट ठेवा. एनव्हीआरमधलं रेकॉर्डिंग साधारणपणे युनिकास्टनेच चालतं आणि ते तसंच राहू द्यावं. एकच व्हिडिओ एकाच वेळी अनेक ठिकाणी बघायचा असेल तिथेच मल्टिकास्ट वापरायचं. आठ कॅमेरे आणि एक स्क्रीन एवढंच काम असेल तर याची गरज नाही. ग्राहकाला उगाच विकू नका.

यादी ठेवतो कोण?

पेपरवाल्याच्या डोक्यात यादी असते. नेटवर्कवर ती यादी आयजीएमपी नावाच्या नियमावलीतून तयार होते. आयजीएमपी म्हणजे इंटरनेट ग्रुप मॅनेजमेंट प्रोटोकॉल. स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या स्टीव्ह डीअरिंग यांनी तो मांडला. पहिली आवृत्ती ऑगस्ट १९८९ च्या आरएफसी १११२ मध्ये आली, दुसरी १९९७ मध्ये आणि तिसरी २००२ मध्ये. आज बाजारातल्या उपकरणांत दुसरी आणि तिसरी भेटते.

काम अगदी साधं आहे. त्यात तीनच निरोप लक्षात ठेवा:

• रिपोर्ट: स्क्रीन सांगते, "मला अमुक ग्रुप हवा." म्हणजे पेपर लावला.
• लीव्ह: स्क्रीन सांगते, "आता नको." पेपर बंद केला.
• क्वेरी: राउटर ठरावीक वेळाने विचारतो, "अजून कोणाकोणाला हवंय?" ज्यांना हवंय ते पुन्हा रिपोर्ट पाठवतात.

प्रत्येक ग्रुपला एक पत्ता असतो, २२४.०.०.० पासून २३९.२५५.२५५.२५५ पर्यंतचा. हा पत्ता कुठल्या यंत्राचा नसतो, तो पेपरच्या नावासारखा असतो.

आता स्विचकडे या. साधा, अनमॅनेज्ड स्विच ही यादी वाचतच नाही. त्याच्या दृष्टीने मल्टिकास्ट म्हणजे लाउडस्पीकर. तो सगळ्या पोर्टवर सगळं ओततो. आपल्या सोसायटीत याचा अर्थ काय? ९६ एमबीपीएसचा लोंढा प्रत्येक पोर्टवर. लॉबीतल्या इंटरकॉमचा पोर्ट १०० एमबीपीएसचा असेल तर तो जवळजवळ भरून गेला. इंटरकॉम बंद पडतो, दोष इंटरकॉमवाल्यावर जातो, आणि खरं कारण कॅमेऱ्यांच्या सेटिंगमध्ये असतं.

यावरचा उपाय म्हणजे आयजीएमपी स्नूपिंग. मॅनेज्ड स्विच येणारे-जाणारे रिपोर्ट चोरून ऐकतो आणि कुठल्या पोर्टवर कोणाला काय हवंय याची नोंद ठेवतो. मग गठ्ठा फक्त त्या पोर्टवर टाकतो.

हा प्रश्न आपल्याच मुंबईत किती मोठा झाला

"एकदा पाठवलं काय नि चारदा पाठवलं काय, पोचतं ना शेवटी?" असं कोणी म्हणालं तर त्याला शेअर बाजाराचं उदाहरण द्या. मुंबईच्या नॅशनल स्टॉक एक्स्चेंजमध्ये क्षणाक्षणाचे भाव ब्रोकरांच्या सर्व्हरना पाठवले जातात. एके काळी हा प्रवाह युनिकास्ट पद्धतीने, टीसीपी जोडणीवरून, एकामागून एक असा जात होता. सेबीने ३० एप्रिल २०१९ च्या आदेशात नोंदवलं की या रचनेत जो आधी जोडला गेला त्याला माहिती आधी मिळत होती. पुढे एक्स्चेंज मल्टिकास्टकडे वळलं. सेबीने ६२४.८९ कोटी रुपये व्याजासह भरण्याचा आदेश दिला होता. जानेवारी २०२३ मध्ये अपिलीय न्यायाधिकरणाने तो भाग रद्द केला आणि गुंतवणूकदार संरक्षण निधीत १०० कोटी भरायला सांगितले.

आपल्या कामात कोटींचा प्रश्न नसतो. पण तत्त्व तेच आहे: सगळ्यांना एकच माहिती एकाच वेळी हवी असेल तर रांग लावून वाटणं ही चुकीची रचना आहे.

चार मिनिटांचं कोडं

आता मूळ मुद्दा. आजच्या धड्यातून एकच गोष्ट घेऊन जायची असेल तर ही घ्या.

तुम्ही स्नूपिंग चालू केलं. स्क्रीनवर चित्र आलं. सेक्रेटरींनी बघितलं, "छान" म्हणाले, चहा झाला. तुम्ही गाडी काढून काटे वस्तीपर्यंत पोचता तोच फोन: "चित्र गेलं हो!" परत येता, स्क्रीन बंद-चालू करता, चित्र येतं. निघता, पुन्हा जातं. मग केबल बदलली जाते, कनेक्टर पुन्हा क्रिम्प होतो, शेवटी स्विचच बदलला जातो. चित्र तरीही जातंच.

कारण काय? स्विचने केलेली नोंद कायमची नसते. आयजीएमपीचे मूळ आकडे असे आहेत:

• क्वेरी दर १२५ सेकंदांनी जाते.
• उत्तर द्यायला १० सेकंद मिळतात.
• एखादा निरोप हरवू शकतो, म्हणून दोन फेऱ्यांची सवलत असते.

म्हणजे नोंदीचं आयुष्य २ × १२५ + १० = २६० सेकंद. चार मिनिटं वीस सेकंद.

स्क्रीन चालू केली तेव्हा तिने स्वतःहून रिपोर्ट पाठवला. नोंद झाली, चित्र आलं. पण त्यानंतर "अजून हवंय का?" असं विचारणारं नेटवर्कवर कोणीच नाही. कोणी विचारत नाही, म्हणून स्क्रीन पुन्हा सांगत नाही. २६० सेकंद झाले की स्विच म्हणतो, "यांना नको असेल," आणि नोंद पुसतो. चित्र गेलं. स्क्रीन बंद-चालू केली की नवा रिपोर्ट जातो आणि आणखी चार मिनिटं मिळतात.

हे विचारणारं यंत्र म्हणजे क्वेरिअर. बऱ्याच मॅनेज्ड स्विचवर स्नूपिंग आणि क्वेरिअर ही दोन वेगळी सेटिंग असतात. सिस्कोच्या कॅटॅलिस्ट स्विचवर तर स्नूपिंग मुळातच चालू असतं आणि क्वेरिअर मुळातच बंद. एक चालू आणि दुसरं बंद, हीच ती जोडी जी तुम्हाला परत परत फेऱ्या मारायला लावते.

क्वेरिअर नसताना सगळे स्विच सारखे वागत नाहीत. काही नोंद पुसून चित्र तोडतात. काही स्विच क्वेरिअर दिसत नाही म्हणून सगळीकडे पूर सोडतात. चित्र दिसतं, पण बाकीचं नेटवर्क मंदावतं. लक्षणं उलटी, पण उपाय तोच.

आधी कागदावर

सेटिंगला हात लावण्यापूर्वी एका पानावर तीन गोष्टी लिहा.

१. ग्रुपचे पत्ते. खासगी नेटवर्कसाठी २३९ ने सुरू होणारे पत्ते राखून ठेवलेले आहेत. प्रत्येक कॅमेऱ्याला स्वतंत्र पत्ता द्या: २३९.१०.१.११, २३९.१०.१.१२ असे ओळीने. काही कॅमेरे कारखान्यातूनच एकाच ग्रुप पत्त्यावर सेट होऊन येतात. ते न बदलता चालू केले तर एक कॅमेरा मागितला की सगळ्यांचे प्रवाह येतात.

२. टाळायचे पत्ते. २३९.०.०.x आणि २३९.१२८.०.x वापरू नका. स्विच शेवटी मॅक पत्ता बघतो, आणि मल्टिकास्टच्या मॅक पत्त्यात आयपीचे फक्त शेवटचे २३ बिट येतात. त्यामुळे ३२ वेगवेगळे ग्रुप एकाच मॅकवर येऊन बसतात. वरचे दोन पट्टे २२४.०.०.x या नेटवर्कच्या स्वतःच्या कामाच्या पत्त्यांवर पडतात, आणि ते पत्ते स्विच सगळीकडे सोडतातच. म्हणजे तुमचं स्नूपिंग वाया. याच कारणाने २३९.१०.१.११ आणि २३९.१३८.१.११ हेही एकत्र वापरू नका.

३. व्हीलॅन. कॅमेरे आणि त्यांच्या स्क्रीन एकाच वेगळ्या व्हीलॅनमध्ये ठेवा. रहिवाशांचं वायफाय दुसऱ्यात. एका व्हीलॅनमधून दुसऱ्यात मल्टिकास्ट आपोआप जात नाही. त्यासाठी राउटरवर पिम किंवा आयजीएमपी प्रॉक्सी लागते. पहिल्या कामांत तो भार घेऊ नका. बघणारे आणि दाखवणारे एकाच घरात ठेवले की काम अर्धं होतं.

सेटिंग, पायरी पायरीने

पायरी १: क्वेरिअर कोण ते ठरवा. एका व्हीलॅनमध्ये एकच क्वेरिअर काम करतो. दोन असतील तर ज्याचा आयपी लहान तो निवडून येतो आणि दुसरा गप्प बसतो. म्हणून राउटरला त्या व्हीलॅनमधला .१ हा पत्ता द्या आणि शक्यतो त्यालाच क्वेरिअर करा. मुख्य मॅनेज्ड स्विचला .२ देऊन तिथेही क्वेरिअर चालू ठेवला तर तो राखीव खेळाडू होतो: पहिल्याचा आवाज २५५ सेकंद आला नाही की तो काम हातात घेतो.

पायरी २: राउटर. छोट्या इंटरनेट ऑपरेटरांकडे मायक्रोटिक बऱ्याचदा भेटतो, म्हणून त्याचं सांगतो. विनबॉक्समध्ये ब्रिज उघडा, आपला ब्रिज निवडा, आयजीएमपी स्नूपिंगवर टिक करा. मग त्याच ठिकाणी मल्टिकास्ट क्वेरिअर चालू करा. क्वेरिअर बदलल्यावर स्नूपिंग एकदा बंद करून पुन्हा चालू करा, म्हणजे बदल लागू होतो. लक्षात ठेवा, या ब्रिजचा क्वेरिअर टॅग नसलेल्याच क्वेरी पाठवतो. कॅमेरे टॅग केलेल्या व्हीलॅनमध्ये असतील तर त्या व्हीलॅनचा क्वेरिअर मॅनेज्ड स्विचवर चालू करा.

सिस्कोचा राउटर असेल तर त्या इंटरफेसवर पिम चालू केलं की आयजीएमपी आपोआप सुरू होतं आणि राउटर क्वेरी पाठवू लागतो.

पायरी ३: मॅनेज्ड स्विच. प्रत्येक स्विचवर त्या व्हीलॅनसाठी स्नूपिंग चालू आहे ना, ते तपासा. काही स्विचवर एक सामायिक बटण असतं आणि व्हीलॅनवार दुसरं, दोन्ही लागतात. क्वेरिअरला पत्ता देण्याची जागा असेल तर त्या व्हीलॅनमधला खरा आयपी टाका. रिकामी सोडली की क्वेरी ०.०.०.० या पत्त्यावरून जाऊ शकते, आणि काही उपकरणं तिला उत्तरच देत नाहीत.

पायरी ४: टायमर. १२५, १० आणि २ हे आकडे तसेच ठेवा. बदलायचेच असतील तर सगळ्या उपकरणांवर एकसारखे बदला. राउटरवर क्वेरी ३०० सेकंदांनी आणि स्विचवर नोंदीचं आयुष्य २६०, असं झालं की दर फेरीला चाळीसेक सेकंद चित्र गायब होणार. हा दोष शोधायला सगळ्यात अवघड, कारण सगळी बटणं चालूच दिसतात.

पायरी ५: आवृत्ती. एका व्हीलॅनमध्ये एकच आवृत्ती ठेवा. जुनी स्क्रीन किंवा जुना सेट-टॉप बॉक्स असेल तर दुसरी आवृत्ती घ्या. ठरावीक स्रोताकडूनच प्रवाह घ्यायचा असेल तरच तिसरी लागते.

पायरी ६: फास्ट लीव्ह. कोणी "नको" म्हटलं तरी राउटर लगेच प्रवाह तोडत नाही. सेकंदाच्या अंतराने दोनदा विचारतो, "त्या पोर्टवर आणखी कोणी आहे का?" फास्ट लीव्हने हे विचारणं वगळलं जातं आणि चॅनेल पटकन बदलतं. पण पोर्टच्या पुढे साधा स्विच लावून दोन स्क्रीन जोडल्या असतील तर एकीने ग्रुप सोडला की दुसरीचंही चित्र जाईल. नियम सोपा: एका पोर्टवर एकच उपकरण असेल तरच फास्ट लीव्ह.

पायरी ७: वायफाय. मल्टिकास्ट हवेतून सगळ्यात संथ वेगाने जातं आणि पोचलं की नाही याची पोच येत नाही. म्हणून गेटच्या टॅबवर चित्र फुटतं. ॲक्सेस पॉइंटमध्ये मल्टिकास्टचं युनिकास्ट करून पाठवायची सोय असते. युनिफायमध्ये ती मल्टिकास्ट एन्हान्समेंट या नावाने, मायक्रोटिकमध्ये मल्टिकास्ट हेल्पर या नावाने मिळते. ती चालू करा. जिथे केबल पोचते तिथे मात्र केबलच द्या.

लक्षण बघा, जागा ओळखा

• चित्र चार-साडेचार मिनिटांनी जातं, बंद-चालू केल्यावर येतं: क्वेरिअर नाही.
• चित्र ठीक, पण इंटरकॉम किंवा प्रिंटर मंद: कुठेतरी स्नूपिंग बंद आहे किंवा मध्ये साधा स्विच बसलाय.
• एक कॅमेरा मागितला, चार आले: ग्रुपचे पत्ते सारखे किंवा मॅकवर एकत्र पडणारे.
• शेजारची स्क्रीन बंद केली की आपलीही जाते: फास्ट लीव्ह चुकीच्या पोर्टवर.
• एकाच व्हीलॅनमध्ये दिसतं, दुसऱ्यात नाही: मल्टिकास्ट राउटिंग नाही, किंवा पाठवणाऱ्याचा टीटीएल १ आहे.
• स्नूपिंग लावल्यावर ऑफिसातला डीएलएनए टीव्ही यादीत दिसेनासा झाला: तो २३९.२५५.२५५.२५० या ग्रुपवरून ओळख देतो. तिथेही क्वेरिअरच तपासा.

ही यादी प्रिंट काढून टूलकिटमध्ये ठेवा. नवीन मुलगा साइटवर पाठवला तरी त्याला पहिला प्रश्न काय विचारायचा ते कळेल.

दहा मिनिटांची चाचणी

काम संपलं असं कधी म्हणायचं? चित्र आलं तेव्हा नाही. चित्र सलग दहा मिनिटं टिकलं तेव्हा. २६० सेकंदांच्या दोन फेऱ्या त्यात बसतात. क्रम असा ठेवा:

१. सगळ्या स्क्रीन चालू करा, घड्याळ लावा.
२. स्विचवरची ग्रुपची यादी उघडा. मायक्रोटिकमध्ये ती ब्रिजच्या एमडीबी टॅबमध्ये दिसते. हवेत तेच पोर्ट त्यात आहेत का?
३. एक लॅपटॉप रिकाम्या पोर्टला लावा आणि वायरशार्कमध्ये आयजीएमपी फिल्टर टाका. दोन मिनिटांच्या आसपास एक क्वेरी दिसलीच पाहिजे. ती कुठल्या आयपीवरून आली ते लिहून ठेवा.
४. त्याच लॅपटॉपवर कॅमेऱ्याचा प्रवाह दिसता कामा नये. दिसला तर पूर चालू आहे.
५. दहा मिनिटांनी एक स्क्रीन बंद करा. बाकीच्या चालू राहतात ना?
६. राउटर रीस्टार्ट करा आणि पुन्हा दहा मिनिटं थांबा. लाइट जाऊन आल्यावर सेटिंग टिकतं का, ते इथे कळतं. सेव्ह न केलेलं कॉन्फिगरेशन याच पायरीवर पकडलं जातं.

आता धंद्याचं गणित

समजा काम १,२०,००० रुपयांचं आहे आणि सोसायटीने दहा टक्के, म्हणजे १२,००० रुपये महिनाभर राखून ठेवलेत. तक्रारीच्या एका फेरीला पेट्रोल, हेल्परची हजेरी आणि तुमचा अर्धा दिवस धरून १,५०० रुपये जातात असं समजा. चार फेऱ्यांत ६,००० गेले आणि राखून ठेवलेली रक्कमही अडकली. दहा मिनिटांच्या चाचणीला दोन वेळा मिळून वीस मिनिटं लागतात. कुठलं स्वस्त आहे ते तुम्हीच ठरवा.

कोटेशनमध्ये तीन ओळी वेगळ्या लिहा. "मॅनेज्ड स्विच, आयजीएमपी स्नूपिंग आणि क्वेरिअरसह." "नेटवर्क कॉन्फिगरेशन व चाचणी." "कॉन्फिगरेशनची प्रत व पत्त्यांचा तक्ता." स्वस्त कोटेशन देणारा साधा स्विच लावत असेल तर कमिटीला फरक समजावून सांगता आला पाहिजे. तांत्रिक शब्द टाकू नका. एवढंच सांगा: "साध्या स्विचवर कॅमेऱ्याचा सगळा लोंढा तुमच्या इंटरकॉमवरही जाईल. यादी ठेवणारा स्विच तो अडवतो." सभेत बसलेल्या काका-काकूंनाही हे कळतं.

हँडओव्हरच्या पानावर क्वेरिअरचा आयपी, ग्रुपचे पत्ते, फर्मवेअरची आवृत्ती आणि चाचणीची तारीख लिहून सेक्रेटरींची सही घ्या. सहा महिन्यांनी दुसऱ्या कोणी राउटर बदलला आणि क्वेरिअर गेला, तर भांडण न होता कारण कागदावर दिसतं, आणि ते काम बिल करून करता येतं.

दोन ठिकाणी सावध राहा. पहिलं, सोसायटीला टीव्ही चॅनेल वाटण्याचं काम. तंत्र हेच आहे, पण १९९५ च्या केबल टीव्ही कायद्यानुसार नोंदणीशिवाय चॅनेल पुरवता येत नाहीत. नोंदणी असलेल्या ऑपरेटरसाठी नेटवर्क उभारून द्या. चॅनेल त्याचे, सेटिंग तुमचं.

दुसरं, चाकणचे कारखाने. तिथल्या काही मशीन ईथरनेट/आयपी या प्रोटोकॉलवर बोलतात आणि त्यात इनपुट-आउटपुटची माहिती मल्टिकास्टनेही जाते. स्नूपिंग नसलेल्या नेटवर्कवर हा पूर छोट्या ड्राइव्ह आणि सेन्सरच्या प्रोसेसरवर आदळतो. म्हणजे हे कौशल्य तिथेही विकलं जातं, आणि चांगल्या दराने. पण चालू लाइनवर एक टिक चुकली तर उत्पादन थांबतं. सोसायटीत हात बसल्याशिवाय तिकडे जाऊ नका, आणि गेलात तर लाइन बंद असण्याची वेळ लेखी घेऊनच लॅपटॉप उघडा.

या आठवड्याचा गृहपाठ

एक मॅनेज्ड स्विच आणि तीन लॅपटॉप जमवा. मित्राच्या दुकानातून एका रविवारी आणले तरी चालेल. पहिल्या लॅपटॉपवर व्हीएलसीमधून एखादा लांब व्हिडिओ २३९.१०.१०.१० या पत्त्यावर, पोर्ट ५००४ वर सोडा. दुसऱ्यावर तो बघा. तिसऱ्यावर वायरशार्क लावा. मग तीन प्रयोग करा: स्नूपिंग बंद, स्नूपिंग चालू पण क्वेरिअर बंद, दोन्ही चालू. प्रत्येक वेळी दहा मिनिटं थांबा आणि दोन गोष्टी लिहा: चित्र कितव्या सेकंदाला गेलं, आणि तिसऱ्या लॅपटॉपवर लोंढा आला का.

दुसऱ्या प्रयोगात तुमचा स्विच चित्र तोडतो की पूर सोडतो, हे त्याच्या माहितीपत्रकात शोधत बसण्यापेक्षा स्वतःच्या डोळ्यांनी बघा. ज्या मॉडेलचं वागणं तुम्हाला माहीत आहे, तेच मॉडेल ग्राहकाला द्या. तुमचे तीन आकडे आणि स्विचचं मॉडेल खाली लिहा, म्हणजे पुढच्या मुलाला खरेदीआधीच अंदाज येईल.

पुढच्या भागात व्हीलॅन ओलांडून मल्टिकास्ट न्यायचं कसं, ते बघू. तोपर्यंत रविवार सत्कारणी लावा.